माझा चेहरा बोंडूचा आहे, काय करायचं ते करा

कर्टन बँग्ज म्हणे, म्हणजे कपाळावर मधून दुभंगून पडद्यासारखे दोन्हीकडे सोडलेले केस. पडदाच पाडलाय माझ्या अब्रूवर.

गणपतीची चवथ आठवड्यावर आलीय, माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांचं सामान आणायचंय, घरभर पाहुणे येणार, दर दोन मिनिटांनी कोणीतरी फोन समोर धरून 'जरा हसा' म्हणणार, आणि माझ्या कपाळावर सध्या जे काही उभं आहे त्याला केस म्हणायचं की सोललेल्या नारळाची शेंडी ते मलाच कळत नाहीये. हो, उभं. पडत नाही ते.

शनिवारी शाळा सुटल्यावर थेट पणजीला गेले, हीच पहिली चूक. फोंड्यात माझी नेहमीची पार्लरवाली आहे, अडीचशे रुपयांत खालून चार बोटं कापते, काही विचारत नाही, मध्येच आत जाऊन आमटीचा गॅस बारीक करून येते, आणि इतकी वर्षं माझी तिच्याबद्दल एकच तक्रार होती की बाई प्रोफेशनल नाही. घ्या आता प्रोफेशनल.

पणजीतल्या त्या झकपक सलॉनात आधी कॉफी दिली (कोमट), मग गळ्याभोवती काळा झगा बांधला आणि एक मुलगी टॅबलेट घेऊन आली. फेस अ‍ॅनालिसिस. माझा फोटो काढला तो नाकाला टेकेल इतक्या जवळून. अगं बये, इतक्या जवळून काढलास तर नाक फुगणार आणि कान मागे पळणार, कोणाच्याही थोबाडाचा आकार खोटाच येणार. मी विज्ञान शिकवते, पण त्या खुर्चीत बसल्यावर माझं सगळं विज्ञान त्या झग्याखाली झाकलं गेलं. मग तिने माझ्या तोंडावर जमिनीच्या सर्व्हे प्लॅनसारख्या रेघा ओढल्या, कपाळ, गाल, जबडा, आणि रिपोर्टात साखर निघाल्यावर डॉक्टर ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात म्हणाली, "मॅम, आपका फेस राउंड है."

मी म्हटलं घरी दुसऱ्या अ‍ॅपवर चेहऱ्याचा आकार हार्ट आला होता. "वो फ्री वाला होगा मॅम." म्हणजे पैसे भरले की चेहरा गोल होतो.

मग तिने केस ओले केले, फणीने ताणून सरळ केले आणि कात्री उचलली. मी सांगितलं, दोनदा सांगितलं, की बाई माझे केस वेव्ही आहेत, सुकले की वर चढतात, आणि उजव्या बाजूला कपाळाला लागूनच भोवरा आहे, तिथले केस कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. "डोंट वरी मॅम." हे ऐकलं की माणसाने झग्यासकट उठून पळावं. मी बसून राहिले. ओले असताना नाकाच्या शेंड्यापर्यंत होते. सुकवताना डोळ्यांपर्यंत गेले, मग भुवईपर्यंत, आणि भोवऱ्याकडचे तर भुवईही ओलांडून वर गेले आणि तिथून खाली बघायला लागले. ती म्हणते, "सेट हो जाएगा."

खोटं कशाला बोलू, गोल ब्रशने वीस मिनिटं ब्लो-ड्राय केल्यावर मी छान दिसत होते. मागून आरसा दाखवला तेव्हा मी मानही वेळावली, शी. चौदाशे रुपये मोजले. नऊशेचं सीरम नाही घेतलं, तेवढीच अक्कल शिल्लक होती.

मग हेल्मेट घातलं आणि स्कूटरवर बसले.

श्रावणातली हवा, मध्ये एक सर येऊन गेलेली, हेल्मेटच्या आत इडलीपात्र. ब्लो-ड्राय म्हणजे काय, तर उष्णतेने केसातले हायड्रोजन बंध तोडून हव्या त्या आकारात परत जुळवायचे, आणि ते मोडायला पुन्हा नुसतं पाणी पुरतं, हवेतलं दमट पाणी सुद्धा. आणि पावसाळ्यात आमच्याकडे हवा कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं हेच समजत नाही. बाणस्तारीच्या पुलापर्यंत आपण नटी आहोत असं वाटत होतं. मंगेशीला डाव्या बाजूने काहीतरी टोचायला लागलं. म्हार्दोळला जायांची फाती, म्हणजे जाईच्या कळ्यांचा गजरा, घ्यायला थांबले, हेल्मेट काढलं, आणि फुलं विकणारी ती बाई, वर्षानुवर्षं ओळखते मला, माझ्याकडे क्षणभर बघत राहिली आणि एकदम हळू आवाजात विचारते, "दुयेंत आशिल्ली गो बाय?"

आजारी होतीस का! चौदाशे रुपये देऊन मी आजारी होऊन आले. वर तिने दोन कळ्या जास्त घातल्या, दयेने.

आणि हे सगळं कशापायी, तर कुठल्या चेहऱ्याला कुठला कट शोभतो ते सांगणाऱ्या त्या चार्टांपायी. गोल, चौकोनी, लांबट, ओव्हल, हार्ट, डायमंड. सहा. एवढ्या माणसांना सहा साचे. एक चार्ट सांगतो गोल चेहऱ्याला फ्रिंज, म्हणजे कपाळावर आणलेले केस, अजिबात नको, तोंड आखूड दिसतं, दुसरा सांगतो गोल चेहऱ्याला कर्टन बँग्ज बेस्ट, तोंड लांब दिसतं. आणि सगळ्यांची गाडी शेवटी एकाच स्टेशनावर, की तुमचा चेहरा ओव्हलसारखा 'दिसला' पाहिजे. मग ओव्हलवाल्यांनाच बोलवा ना, बाकीच्यांना कशाला खुर्चीत बसवता? केस जाड की पातळ, सरळ की कुरळे, भोवरा कुठे, हेल्मेट घालता का, दमट गावात राहता का, हे विचारायला चार्टात रकाना नाही. थोबाड मोजून झालं की झालं.

आरशावर लिपस्टिकने चेहऱ्याची रेघ मारायची ती युक्तीही करून झाली. एक डोळा मिटून, डोकं न हलवता. आधी एक गंमत कळली की आरशावरची रेघ चेहऱ्याच्या बरोबर निम्मी येते, जवळ जा की लांब जा (हे नववीला शिकवायला हरकत नाही), आणि दुसरी ही की माझी रेघ वर निमुळती, खाली गालाकडे फुगीर आली. बोंडू. काजूचा पिकलेला बोंडू, खाली हनुवटीच्या जागी फक्त बी लावायची बाकी. आता सांगा, चार्टात बोंडू आहे? आमच्या निम्म्या खानदानाचा चेहरा बोंडूचा आहे. हिऱ्याला जागा आहे, काजूला नाही.

आईच्या वेळी बरं होतं. सिनेमातल्या साधनाने १९६० मध्ये कपाळावर केस आणले ते तिचं कपाळ रुंद दिसायचं म्हणून, आणि मग ज्यांची कपाळं दोन बोटांचीही नव्हती त्या पोरीसुद्धा साधना कट करून हिंडल्या. आईचा पण फोटो आहे तसला. भयानक दिसतेय. पण हसतेय, कारण तिला कोणी तोंडाचा रिपोर्ट दिला नव्हता.

मला मात्र जन्मभर रिपोर्टच. सातवीत मावशीने 'उवा होणार नाहीत' म्हणून मश्रूम कट मारला, वर्गात पोरं छत्री म्हणायची. लग्नात मेकअपवाली म्हणाली कपाळ मोठं आहे, म्हणून दोन्हीकडून बटा काढून कुरळ्या केल्या, त्या होमाच्या धुरात माझ्या डोळ्यात आणि अंबाडा असा घट्ट की अल्बममध्ये मी सगळीकडे आश्चर्यचकित आहे. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी मुठीमुठीने केस गळले, पुष्कळ बायकांचे गळतात आणि बहुतेकींचे येतातही परत, पण शेजारच्या काकूने गेटवर उभं राहून विचारलं, "टक्कल पडतंय का गं?" तिला मी अजून माफ केलेलं नाही. चवथीला नेवऱ्या पाठवते, पण माफ नाही.

आणि आमचे हे. महिन्यातून एकदा कोपऱ्यावर जातात, न्हावी विचारतो "नेहमीचंच?", हे हुं म्हणतात, पंधरा मिनिटांत पेपर वाचून परत. ह्यांचं तोंड रेशनच्या तेलाच्या डब्यासारखं आहे, कोणी सांगितलं का कधी, सर तुमचा जबडा सॉफ्ट करूया? परवा माझ्याकडे बघून म्हणाले, "वाढतील गं." महिन्याला जेमतेम सव्वा सेंटिमीटर वाढतात केस, हिशेब करा, कानामागे जायलाच तुळशीचं लग्न उजाडेल. सोमवारी वर्गात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, न्यू लुक!" त्या पोराला वर्तुळाची व्याख्या विचारली, त्याला आली, त्याचाही राग आला.

तर सध्या दोन काळ्या पिना. फ्रिंज मागे ओढून पिना लावल्या आणि त्यावर फाती माळली की काही दिसत नाही, म्हणजे चौदाशे रुपयांचा कट दीडशे रुपयांच्या फुलांनी झाकायचा.

आणि आता खरं सांगते. काल रात्री सगळे झोपल्यावर मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि परत मोजलं. गालाच्या हाडापाशी रुंदी १३, लांबी १८. लांबी रुंदीच्या दीडपट असली की ओव्हल, म्हणजे हवेत साडेएकोणीस. दीड सेंटिमीटरने हुकलं. पण लांबी कुठून मोजायची, तर जिथून केस उगवतात तिथून, आणि माझे ते बाळंतपणापासून जरा मागे सरकलेत, शिवाय टेप थोडी सैल धरली तर साडेअठरा येते. म्हणजे फक्त एक राहिला.