"रानडेचे का?"

परवा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. पुण्यात एका मोठ्या दैनिकात उपसंपादकाच्या जागेसाठी मुलाखत होती. पहिलाच प्रश्न, "रानडेचे का?" म्हणजे पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकलात का. हा नाही म्हणाला, तशी समोरच्यांनी फाइल मिटली. त्या फाइलमध्ये त्याची टँकरवरची बातमी होती. लॉगबुकात रोज चार खेपा, गावात उतरतात दोन. ग्रामसेवक, ड्रायव्हर, विहिरीवरच्या बाया, सगळ्यांशी बोलून केलेली. कात्रण कुणी उलटूनही पाहिलं नाही.

मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर पत्रकारिता शिकवतो. म्हणजे तासावर पैसे, तेही मिळतील तेव्हा. त्यामुळे आधी आमच्याच घरातलं बोलतो. आमच्या पोरांना लासवेलचं, कोण कुणाला काय सांगतो हे संवादाचं सूत्र तोंडपाठ असतं, पण हातात पंचनामा दिला की त्यातली बातमी सापडत नाही. प्रात्यक्षिक म्हणजे प्राचार्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन. कॅमेरा आहे, कपाटात आहे. किल्ली कुणाकडे, ते विचारू नका. तेव्हा पुण्याच्या साहेबांची शंका अगदीच निराधार नाही.

पण मग कात्रण वाचायचं ना! अमरावती काही महानगर नाही. तिथे २०११ पासून दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे आणि तिथल्या पोराला असं तोडून टाकायची कुणाची छाती होत नाही, कारण पाठीशी दिल्लीचं नाव आहे. आमच्या पाठीशी कोण? फार तर विद्यापीठाचा शिक्का.

यावर काहींचा तोडगा ठरलेला: वकिलांसारखी सनद आणा. २०१३ मध्ये न्या. काटजू प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष असताना किमान पात्रता ठरवायला समितीही नेमली होती. मला हे मुळीच पटत नाही. सनद देणारा उद्या ती काढूनही घेईल, आणि टँकरची बातमी करणाऱ्याचीच आधी काढेल. १८३२ साली 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्यांना कुठली सनद होती?

मला हवीत दोन पूर्णवेळ माणसं आणि पोरांनी स्वतः काढलेलं पाक्षिक. दीपप्रज्वलन सोडून. ग्रामसभेला बसायचं, माहिती अधिकाराचा अर्ज स्वतः लिहायचा, जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक मांडीवर घेऊन वाचायचं. यंदा तिघांना अंदाजपत्रक दिलं. पहिल्या दिवशी तिघेही वैतागले. चौथ्या दिवशी एक मुलगी विचारत आली, "सर, आमच्या गावच्या शाळेची दुरुस्ती दोन वर्षं सलग कशी काय दाखवलीय?" मला तर त्या दिवशी घरी जावंसंच वाटेना.

फोनवाला सध्या इथल्याच एका साप्ताहिकात लागलाय. पदविका कुणी विचारली नाही. मानधन किती, विचारलं तर हसला.

"सर, आधी दिवाळी अंकाच्या जाहिराती आणा म्हणालेत."