ज्या खेळाला निकाल नाही

कोल्हापुरात तरुण पोरे जमवणे मुळीच अवघड नाही. शाहू स्टेडियमवर दोन तालमींच्या संघांचा फुटबॉल सामना असावा, किंवा घरी तांबडा-पांढरा रस्सा होणार असल्याची कुणकुण लागावी. निरोप धाडण्याचीही गरज पडत नाही. अवघड आहे ते त्याच पोरांना तीन-चार तास एका टेबलाभोवती बसवून, हाती कागद-पेन्सिल देऊन, ‘तुम्ही आता एका पडक्या किल्ल्याच्या दारात उभे आहात’ असे गंभीर चेहऱ्याने सांगणे. हा उद्योग मी शिवाजी पेठेतील आमच्या घरी स्वखुशीने आणि स्वतःच्या चहा-भडंगावर करीत असतो.

खेळ तसा जुना आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये बाजारात आला, तेव्हा पेटीत तीन छोट्या पुस्तिका होत्या. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत खेळाडूंसाठीचे एकटे पुस्तकच तीनशेहून अधिक पानांचे झाले. हे पुस्तक पोरांना दाखवायचे नाही, एवढे शहाणपण मला आहे. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापले पात्र काय करते ते बोलतात आणि जिथे जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात, इतके सांगितले तरी पुरते. माझ्या पुतणीला आणि तिच्या इंजिनिअरिंगच्या मित्रमंडळींना मी तितकेच सांगितले. त्यांतल्या एका तालमीतल्या धिप्पाड गड्याने लगेच विचारले, “पण काका, जिंकतंय कोण ह्यात?”

खरे उत्तर ‘कोणीच नाही’ असे आहे. सगळे एकाच बाजूने खेळतात, सूत्रधारही त्यांना हरवायला बसलेला नसतो, आणि गोष्ट रंगली की डाव सार्थकी लागला. परंतु खासबागेत निकाली कुस्तीसाठी माणसे जिथे घसा कोरडा करून घेतात, त्या गावात ज्यात कोणी चितपटच होत नाही असा खेळ गळी कसा उतरवावा? “म्हणजे बरोबरीत सोडवली म्हणायची,” असे म्हणून त्याने मोबाइल काढला.

ड्रॅगनचाही काही उपयोग झाला नाही. आग ओकणारा एवढा मोठा प्राणी गुहेत बसून खातो काय आणि सोन्याचे करतो काय, या शंकांचे माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते. तेव्हा मी ड्रॅगनला रजा दिली आणि गोष्ट पन्हाळ्यावर नेली. अंधार बाव ही तीन मजली वास्तू, तळाशी विहीर, वर पहारेकरी. खेळाला याहून चांगली जागा परदेशी पुस्तकातही मिळणार नाही. शिवाय पन्हाळा प्रत्येकाने पाहिलेला असल्यामुळे तीन दरवाज्यापासून अंधार बाव किती पावलांवर आहे, यावरून टेबलावर जो वाद पेटला, तोच मला पहिला शुभशकुन वाटला. मोबाइल बाहेर निघाले, पण नकाशा बघायला.

पहारेकऱ्याशी लढाई होईल अशी माझी तयारी होती. पुतणी मात्र अस्सल कोल्हापुरी थाटात म्हणाली, “मी भांडत न्हाई, मी बोलतो त्याच्याशी. पाहुणं, गाव कुठलं तुमचं?” मी गाफीलपणे कागल सांगितले. पुढच्या काही मिनिटांत तो पहारेकरी तिच्या आत्याच्या नणंदेच्या दिराचा साडू निघाला. मी यशाचा आकडा १५ ठरवला. तिच्या पात्राला बोलण्याचे दोन गुण जादा होते, म्हणजे फाशावर १३ किंवा अधिक हवे होते. यावर धिप्पाड गडी मोबाइल खाली ठेवून नात्याच्या बाजूने वकिलीला उभा राहिला. पाचव्या आवृत्तीत परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून मोठा आकडा धरण्याची सोय आहे, आणि सोयरिकीहून अनुकूल परिस्थिती महाराष्ट्रात कोणती असणार? त्यामुळे यशाची शक्यता ४० टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर जाते, हे त्या पोरांनी माझ्याआधी मोजले. ६ आणि १४ पडले. पहारेकऱ्याने दार तर उघडलेच, वर जेवून जा म्हणाला. गडी खुर्चीवरून उठून असा ओरडला की खालच्या मजल्यावरून झाडूच्या दांड्याचे ठोके आले.

हा आवाज गल्लीत गेला. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या काही पालकांना हा खेळ सैतानाची उपासना वाटला होता. आमच्याकडे ‘फासे’, ‘डाव’ आणि ‘सोनं वाटून घ्या’ एवढे शब्द ऐकून कोणालाही जी शंका येईल तीच त्या गड्याच्या वडिलांना आली. पैसे कुठे लावले आहेत, ते पाहायला ते दारात उभे राहिले. मग टेकले. मग कागलच्या माणसाला पन्हाळ्यावर रात्रपाळी दिलीच कशी, असा त्यांनी आक्षेप घेतला आणि पेन्सिल मागून स्वतःचे पात्र लिहून काढले. आता ते सगळ्यांच्या आधी येऊन बसतात, येताना शेजारच्या दोघा निवृत्तांना घेऊन येतात, आणि हे तिघे पहारेकऱ्याचे मूळ गाव विचारू लागले की तरुणांच्या वाट्याला फासाही येत नाही.

परवा गडी जिन्यात मला गाठून हळूच म्हणाला, “काका, पुढल्या रविवारी पप्पांना सांगू नका.”