वरच्या गावाचं नाव घ्यायचं नाही

ओहायोतल्या कोलंबसला नवे आला असाल आणि नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, म्हणजे ओहायो स्टेट विद्यापीठाच्या शेजारच्या राज्याशी होणाऱ्या अमेरिकन फुटबॉल मॅचचा आठवडा, लागला असेल, तर ऑफिसात 'मॅच कोण जिंकेल?' असं विचारून स्वतःचं हसं करून घेऊ नका. तो प्रश्न पोराटोरांचा. जाणत्या माणसानं कॉफीचा कप हातात धरून, जरा खिडकीबाहेर बघत म्हणायचं, 'यंदा बरंच काही पणाला लागलंय.' आणि थांबायचं. पुढचा पाऊण तास समोरचा बोलतो. तुम्हाला खेळातलं ओ की ठो कळत नाही, याचा कुणाला पत्ता लागत नाही. मी सहा वर्षं अशीच काढली.

फुटबॉल आहे तर पायानं का खेळत नाहीत, हा विनोद करू नका. तो झालाय. कोल्हापूरहून आला असाल, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळाच्या मॅचला घसा बसवून घेतला असेल, तर तुम्हाला शिकवण्यासारखं फारसं नाही. पेठ बदलली म्हणायची आणि बसायचं. ही पेठ एवढी मोठी, की स्टेडियमात लाखाच्या वर माणूस मावतं, आणि खेळणारी पोरं तरी कॉलेजातलीच. पुणेकरांना पुरुषोत्तम करंडक आठवेल. 'अरे आव्वाज कुणाचा' म्हणून नरडी ताणायची, ती तशीच ताणायची. फरक एवढाच, की इथे परीक्षक नसल्यामुळे निकालावर भांडायची सोय नाही. म्हणून लोक निकालाच्या आधीच भांडून घेतात.

आता महत्त्वाचं. ज्यांच्याशी मॅच आहे त्यांचं नाव घ्यायचं नाही. आपल्या आज्या नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं. आज्या निदान सणासुदीला उखाण्यात घ्यायच्या; इथे तीही सूट नाही. ओहायो स्टेटचा सच्चा माणूस मिशिगन असा शब्द तोंडातून काढत नाही, 'ती उत्तरेकडची टीम' म्हणतो. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारात जिथे जिथे इंग्रजी एम दिसेल तिथे तिथे पोरं लाल पट्ट्यांची फुली मारून ठेवतात. इमारतींची नावं, फलक, काही सुटत नाही. मागच्या साली आमच्या मुलीनं घरातही मोहीम काढली. मसाल्याच्या डब्यावरच्या एमडीएचच्या एमवर फुली. शनिवारपर्यंत आमच्याकडे छोले डीएच मसाल्याचे होते. मराठी मंडळाच्या बॅनरवर दोन एम आहेत, हे तिच्या लक्षात आलं नाही ही देवाची कृपा.

रस्त्यात अनोळखी माणूस तुमच्याकडे बघून 'ओ-एच!' असं ओरडला तर दचकू नका. तुम्ही 'आय-ओ!' म्हणायचं. 'गणपती बाप्पा' म्हटल्यावर 'मोरया' न म्हणणाऱ्याकडे आपण जसं बघतो, तसं तुमच्याकडे बघितलं जाऊ नये एवढ्यासाठी.

वाद घालताना अडलात, की मागे जा. हा आपला जुना हातखंडा, इथे फार उपयोगी पडतो. यंदाच्या टीमबद्दल काही माहीत नसेल तर २०२३ चं, मिशिगननं समोरच्या टीमचे मैदानातले संकेत चोरल्याचं प्रकरण काढा. त्यावर कुणी पुरावे द्यायला लागला तर १९७३ काढा: दहा-दहा अशी बरोबरी झाली, रोझ बोल या मानाच्या मॅचला कुणी जायचं हे क्रीडा संचालकांनी मतदानानं ठरवलं, आणि आपण गेलो. वरचे लोक पन्नास वर्षं ते उगाळतायत. तोवर समोरचा १९५० ला पोचतो, म्हणजे हिमवादळात मिशिगननं एकही फर्स्ट डाउन न मिळवता, म्हणजे चार प्रयत्नांत दहा यार्ड एकदाही पुढे न सरकता, नऊ-तीन अशी मारलेली मॅच. त्याच्याही मागे जायचं तर १८३५ आहे. टोलेडो गाव ओहायोचं की मिशिगनचं, यावरून दोन्हीकडचे लोक बंदुका घेऊन सीमेवर उभे होते. सीमाप्रश्न म्हटल्यावर मराठी माणसाला वेगळं समजवायला नकोच. फक्त इथला लवकर मिटला. रक्त सांडलं म्हणायचं तर एका अधिकाऱ्याला पेनचाकू लागला, आणि तोही वाचला. टोलेडो ओहायोला मिळालं, मिशिगनच्या पदरात उत्तरेचं ओसाड रान टाकून त्यांची बोळवण केली. मग त्या रानात तांबं आणि लोखंड सापडलं. बांधावरून भांडणाऱ्या भाऊबंदांना ही गोष्ट जरूर सांगा, पण ओहायोत सांगू नका.

तर मूळ प्रश्न, पणाला काय लागलंय. यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो, सगळं. दुसरा म्हणतो, आता काहीच नाही. दुसऱ्याचं म्हणणं हिशेबाला धरून आहे. पूर्वी अजिंक्यपदाच्या फेरीत चारच टीम जायच्या, एक हार म्हणजे बहुतेकदा वर्ष पाण्यात. २०२४ पासून बारा जातात. ही मॅच हरलात तरी दार उघडं. मग एवढी आरडाओरड कशाला?

या पंथात जाण्याआधी माझ्या शेजाऱ्याला भेटा. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, गॅरेजच्या दारावर झेंडा, गवत कापायच्या यंत्रावरही चिकटपट्टी. २०२४ ला ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर. वरचे सहा जिंकून पाच हरलेले, त्यांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. सामना आपल्या अंगणात. हरले, तेरा-दहा. सलग चौथ्यांदा. पाहुण्यांनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायला घेतला, मारामारी झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. पुढे एका आमदारानं, त्या दिवशी मैदानात झेंडा रोवणं हा फौजदारी गुन्हा ठरावा असं विधेयकच राज्याच्या सभागृहात आणलं. मी ते माझ्या डोळ्यांनी वाचलं, म्हणून सांगतो. महागाई वगैरे नंतर.

आता ऐका. तीच टीम त्याच मोसमात २० जानेवारीला नोत्र दामला ३४-२३ हरवून देशाची अजिंक्य झाली. मी सकाळी बर्फ ओढायला बाहेर आलो तर शेजारीही फावडं घेऊन उभे, डोक्यावर नवी कोरी अजिंक्यपदाची टोपी, लेबलसुद्धा काढलेलं नाही. म्हटलं, अभिनंदन! ते फावड्यावर रेलले. बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. म्हणाले, 'हो. पण तेरा-दहा.'

१९३४ पासून इथे रिवाज आहे, वरच्यांना हरवलं की प्रत्येक खेळाडूला सोन्याची पँट मिळते. घालायची नव्हे, नखाएवढी, साखळीत अडकवायची. २०२४ च्या पोरांना देश जिंकल्याची अंगठी मिळाली, पँट मिळाली नाही. शेजाऱ्यांच्या लेखी ती पोरं उघडीच. २०२५ ला त्याच टीमनं वरच्या गावात जाऊन २७-९ असं लोळवलं, मग अजिंक्यपदाच्या फेरीत मायामीनं घरी पाठवलं. शेजारी त्या हिवाळ्यात दोन्ही घरांपुढचा बर्फ एकटे ओढत होते, शीळ घालत.

तेव्हा पंथ कोणताही घ्या, पण मागच्या वर्षीचा निकाल बघून घ्या. जिंकलो असू तर 'सगळं' म्हणायचं, हरलो असू तर 'काहीच नाही'. चिवड्याचा बोकाणा भरलेला असेल तर नुसती मान हलवा, ती दोन्हींकडे लागू पडते.

शनिवारी आमच्याकडे या. दुपारी बारा म्हणजे बाराच, आपले बारा नव्हेत. शेंगदाण्याच्या कुटाचे लाडू अर्धे चॉकलेटात बुडवून ठेवलेत. इथे त्याला बकआय म्हणतात आणि पीनट बटरचे करतात, आमच्याकडे कूट जास्त झालं होतं. निळा-पिवळा कपडा अंगावर नको, ते त्यांचे रंग. साडीचा काठही बघून घ्या, गेल्या खेपेला एका वहिनींना शेवटपर्यंत शाल पांघरून बसावं लागलं.

फक्त पणाला काय लागलंय, हे या वेळी मला विचारू नका. दिवाळीच्या सुमारास माझ्या कार्डावरून अर्जाची फी गेल्याचा बँकेचा मेसेज आला. मला वाटलं चोरी झाली. बँकेला फोन लावणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, 'बाबा, थांबा.' अर्ज वरच्या गावच्या विद्यापीठाचा. इंजिनिअरिंग तिथलं चांगलं आहे म्हणे. आमची ही म्हणाली, 'मॅच होऊन जाऊ दे, मग बोलू.' शेजाऱ्यांना अजून कळलेलं नाही.

आज गुरुवार. डब्यावर एमडीएच अजून तिन्ही अक्षरांनिशी आहे.