घुमटाचा आवाज घुमटासारखाच येऊ द्या

सध्या एकच अल्बम पुन्हा पुन्हा ऐकतोय. 'अमेरिकन पॅचवर्क क्वार्टेट' या चौघांच्या गटाचा. अल्बमचं नावही तेच. २०२५ च्या ग्रॅमीत 'बेस्ट फोक अल्बम' या विभागात त्याला नामांकन होतं. गिटार, उभा बेस, ड्रम आणि गळे, एवढ्यावर सगळं उभं आहे. गाणी अमेरिकेतली जुनी लोकगीतं आणि ती गाणारी फाल्गुनी शहा आपल्या मुंबईची. तिची तालीम हिंदुस्थानी संगीताची. सारंगीवादक उस्ताद सुलतान खाँ आणि पुढे गायिका किशोरीताई आमोणकर यांच्याकडे ती शिकली. किशोरीताईंच्या आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीच्या. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं आपलं गोव्यातल्या सांग्यातलं कुर्डी! त्या गावातून निघालेला सूर असा फिरत फिरत परक्या लोकगीतापर्यंत पोचला, याचं मला फार अप्रूप आहे.

पुरस्कार त्यांना मिळाला नाही. तो गेला गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज यांच्या 'वुडलंड' या अल्बमला. वुडलंड हा त्यांचा नॅशव्हिलमधला स्टुडिओ. मार्च २०२० च्या वादळात त्याचं छप्पर उडालं, तेव्हा या दोघांनी रात्रीच आत शिरून आपल्या मूळ टेपा बाहेर काढल्या. जिवापाड जपावं अशी वस्तू म्हणजे टेप, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

आता आपल्याकडे, गोव्यात बघा. ग्रॅमीचे मतदार गावोगाव फिरून गाणी शोधत नाहीत. ठरलेल्या मुदतीत प्रकाशित झालेलं ध्वनिमुद्रण कुणीतरी प्रवेशिका म्हणून पाठवतं, मग सदस्य मतं देतात. त्या वर्षीची मुदत १६ सप्टेंबर २०२३ ते ३० ऑगस्ट २०२४ होती. म्हणजे जे रेकॉर्ड होऊन बाहेरच आलं नाही, ते कितीही थोर असलं तरी त्या दारापर्यंत पोचत नाही. मला ग्रॅमीची आस नाही. पण आमच्या चवथीच्या म्हणजे गणेश चतुर्थीच्या आरतीचं, बायकांच्या धालो गीतांचं, मांडो या कोकणी गाण्यांचं असं एखादं ध्वनिमुद्रण असावं जे जगात कुठेही ताठ मानेनं ठेवता येईल, ही आस मात्र आहे.

घुमट ऐकलंय ना जवळून? मातीचं मडकं, दोन्ही बाजूंनी उघडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, धाकटं तोंड मोकळं. उजवा हात कातड्यावर पडतो आणि डावा तळवा त्या मोकळ्या तोंडावर उघडझाप करत राहतो. सगळी जादू त्या डाव्या तळव्यात आहे. आतली हवा किती कोंडायची आणि किती सोडायची, यावर नाद खोल जातो किंवा वर उचलला जातो. सोबतीला शामेळ हे काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य आणि कांसाळें म्हणजे झांजा. सुवारी, म्हणजे या वाद्यांचं एकत्र वादन, रंगात आली की खोलीच्या भिंतीसुद्धा वाजतात, आणि मधे आमच्या मराठी आरत्या. याला विजेची गरज शून्य.

आणि आपण काय करतो? स्पर्धेत, महोत्सवात याच वाद्यापुढे असा माईक लावतो की डाव्या तळव्याचं कामच ऐकू येत नाही, नुसता धप्प धप्प आवाज राहतो. रेकॉर्डिंग करायचं म्हटलं की कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड (विजेवरचं तालयंत्र) आलेच. एका अशाच रेकॉर्डिंगच्या वेळी मी हजर होतो. म्हाताऱ्या वादकाला सांगितलं गेलं, "बाबा, तुम्ही हळू वाजवा, ट्रॅकमध्ये बेस आहेच." मला ते सहन झालं नाही. पन्नास-साठ वर्षं वाजवण्यात घालवलेल्या माणसाला हळू वाजवायला सांगून मशीनचा बेस ऐकवायचा?

२०१९ मध्ये घुमट गोव्याचं वारसा वाद्य जाहीर झालं. चांगलंच झालं. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असायचं. वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते बंद झालं, आता बकऱ्याचं असतं. घोरपड वाचली पाहिजे, त्यावर माझ्या मनात दुमत नाही. पण वाद्य बदलतं, वाजवणारे बदलतात, गळे थकतात, म्हणूनच प्रत्येक पिढीचा आवाज वेळेवर टिपायला हवा. आकाशवाणी पणजीनं पूर्वी हे काम केलं आहे. आज हातात त्याहून स्वस्त आणि चांगली यंत्रं आहेत.

दुसरी गोष्ट नावांची. अल्बमवर, यूट्यूबवर लिहिलेलं असतं, 'पारंपरिक लोकगीत'. गीत पारंपरिक असेल, पण गळा कुणाचा? तो तर आज जिवंत असलेल्या एका बाईचा आहे ना! २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यातल्या ३८ ख कलमानं सादर करणाऱ्याला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क दिला आहे. संगीत संयोजकाचं नाव ठळक आणि धालो गाणाऱ्या बायकांच्या नावावर 'सहकलाकार', हे मला अन्यायाचं वाटतं. पैशांचा वाटाही त्यांना कागदावर लिहून मिळायला हवा.

धालोच्या बाबतीत आणखी एक. पौषातल्या रात्री मांडावर दोन रांगांत उभ्या राहून त्या गातात, तो मांड त्यांच्यासाठी देवाची जागा आहे. कुठलं गीत मांडाबाहेर न्यायचं आणि कुठलं नाही, हे त्यांनीच ठरवावं. नाही म्हणाल्या तर माईक बंद करून गुपचूप बसून ऐकावं. हो म्हणाल्या तर तिथेच, अंगणातच रेकॉर्ड करावं. रातकिडे येतील, कुणाचं पोर रडेल, येऊ द्या. व्हायोलिन आणि घुमटावरच्या मांडोलाही हेच लागू. घरच्या साल्यात (दिवाणखान्यात) गायलेला मांडो स्टुडिओत तसा होत नाही.

चवथीला आपापल्या वाड्यावर (वस्तीत) एक आरती तरी स्पीकर न लावता, खोलीत दोन साधे माईक लांब ठेवून पूर्ण रेकॉर्ड करा. घुमट, शामेळ, कांसाळें कोण वाजवतं, गातं कोण, गाव कुठलं, सगळं त्यांना विचारून फाइलसोबत लिहा. त्यांची परवानगी असेल तर मला पाठवा. डिचोली, फोंडा, सांगे, काणकोण, कुठलंही असो. मी ऐकेन, आणि ज्यांच्याकडे चांगली यंत्रं आहेत अशांना त्या वाड्यावर घेऊन यायची जबाबदारी माझी.