वाडा पाडून स्मारक, की वाडा हेच स्मारक?

पुण्याच्या बुधवार पेठेतला भिडे वाडा डिसेंबर 2023 मध्ये पाडला गेला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा सुरू केली ती ही जागा. भाडेकरूंसोबतचा वर्षानुवर्षांचा वाद सर्वोच्च न्यायालयात संपला आणि आता तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. स्मारक हवंच. पण मोडकळीला आलेली वास्तू म्हणजे संपलेली वास्तू, हा जो सूर प्रत्येक वाड्याच्या वेळी लागतो, तो इथे अमेरिकेत, व्हर्जिनियात राहून पटत नाही.

पोटोमॅक नदीकाठचं माउंट व्हर्नन हे जॉर्ज वॉशिंग्टनचं घर. मूळ दीड मजली घर ब्रिटिश वसाहतीच्या काळातलं, 1734 चं. पुढे वॉशिंग्टनने ते दोनदा वाढवलं. भिंती दगडी वाटतात, पण आहेत पाइनच्या फळ्यांच्या. फळ्यांच्या कडा तासून चिऱ्यांचे सांधे काढलेत. वर तैलरंगाचा जाड हात द्यायचा आणि तो ओला असतानाच चिकटेल तेवढी वाळू फेकायची. त्याने दगडाचा भासही होतो आणि रंग टिकतोही. मात्र एखादा सांधा उकलला की पाणी फळीमागे उतरतं, लाकूड ओलं राहतं आणि वाळवीला वाट मिळते. सगळ्यात नाजूक जागा पायावरच्या आडव्या तुळईची: भिंतीचा सगळा भार तिच्यावर आणि ओलही आधी तिलाच लागते.

या घराच्या दुरुस्तीचं ताजं काम चार कोटी डॉलरचं. सांगाडा, पायाचं बांधकाम, पाण्याचा निचरा, हवेतल्या दमटपणावर नियंत्रण, सगळं त्यात आलं. पायाला हात लावण्याआधी तळघर पुरातत्त्वज्ञांनी थर थर करत खणलं. 2024 मध्ये तिथे 35 बाटल्या सापडल्या आणि त्यांतल्या 29 मध्ये अठराव्या शतकात साठवलेली चेरीसारखी फळं अजून शाबूत होती. आपल्याकडे हाच टप्पा गाळला जातो आणि थेट जेसीबी येतो.

पुण्याच्या वाड्यांचं दुखणंही असंच खालून सुरू होतं. जमिनीवर फरशीचे थर चढत जातात, तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, गाडला जातो, खांबाचा बुंधा ओलीत राहून कुजतो. छताला जॅकचा टेकू देऊन तेवढाच बुंधा कापायचा आणि जुन्या सागवानाचा तुकडा सांध्यात बसवायचा, हे काम आपल्या सुतारांना येतं. चुन्यातल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते आणि विटा भुसभुशीत होतात. तो काढून पुन्हा चुन्याचाच द्यावा लागतो.

अडतं ते पैशापाशी आणि मालकीपाशी. गोठलेलं भाडं, डझनभर वारस, मग पन्हाळ कोण बदलणार? माउंट व्हर्ननचा वारसही ते पेलू शकत नव्हता, आणि व्हर्जिनिया राज्य व केंद्र सरकार दोघांनीही ते घ्यायचं नाकारलं. शेवटी महिलांच्या एका संस्थेने वर्गणी गोळा करून 1858 मध्ये दोन लाख डॉलरला घर आणि दोनशे एकर जमिनीचा सौदा केला. ही माउंट व्हर्नन लेडीज असोसिएशन आजही सरकारी अनुदान न घेता तिकिटं आणि देणग्यांवर चालते. तिला दुसरं कुठलंच काम नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. महापालिकेच्या एखाद्या खात्याकडून तेवढी सलग नजर राहणं अवघड आहे.

अर्थात इथलं सगळंच अनुकरणीय नाही. 1799 च्या यादीप्रमाणे या इस्टेटीत 317 गुलाम होते. त्यांतले 123 वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीचे. मृत्युपत्राने मुक्तता मिळाली ती फक्त त्यांना. इथल्या गुलामांच्या दफनभूमीवर पहिली शिळा बसायला 1929 साल उजाडलं आणि नीट स्मारक झालं 1983 मध्ये. घराची एकेक फळी जपणाऱ्यांनी या माणसांकडे इतका काळ पाठ फिरवली, हे अक्षम्य आहे.

फुल्यांच्या बाबतीत आपण ती चूक करत नाही; आपल्याला त्यांचं कार्य उभं करायचंच आहे. म्हणूनच पुढचा वाडा पाडायची परवानगी देण्याआधी त्याची मोजणी व्हावी, प्रत्येक खांब-तुळईला क्रमांक पडावा, कुठलं लाकूड खरंच गेलंय ते टोचून पाहावं आणि तो अहवाल लोकांसमोर यावा. ही अट परवान्यातच घालता येईल.