‘१०० टक्के पावसा’च्या मेसेजबाबत खुलासा

‘हवामान खात्यानं १०० टक्के पाऊस सांगितलाय, पारोळा-अमळनेरकरांनी बिनधास्त धूळपेर (पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी) करा,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. ही टक्केवारी पाऊस पडण्याच्या खात्रीची नाही. जून ते सप्टेंबरमधल्या देशाच्या ८७ सेंटिमीटर सरासरीशी केलेली ती तुलना आहे. ९६ ते १०४ टक्के म्हणजे सर्वसाधारण. त्यावरून तुमच्या शिवारातला पाऊस कळत नाही, जुलैतली उघडीप तर नाहीच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नको, असं कृषी विभाग सांगतो. पेरणी वाया गेली तर दुबार पेरणीचं बियाणं मेसेज पाठवणारा देणार आहे का? मंगळवारी-शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत मिळतो, तो पाहा.