कोल्हापुरात बसून इमिग्रेशन

मागच्या आठवड्यातल्या ‘शिक्का’ या लेखावर मुंबईच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. विमानतळावर इमिग्रेशनच्या काउंटरवर आपण बरीच वर्षं काढली, असं ते म्हणतात. काढली असतील. त्यांचे आक्षेप तीन. मी १९४६ चा परदेशी नागरिकांचा कायदा अजून चालू असल्यासारखा लिहिला. माझ्या आतेभावाला विमानात चढू दिलं नाही याचं खापर मी अधिकाऱ्यावर फोडलं, खरी अडचण त्याच्या ईसीआर पासपोर्टची (काही देशांत कामाला जायला आधी सरकारी परवानगी लागते तो) होती. आणि तिसरा जसाच्या तसा देतो: ‘ना समुद्र, ना सरहद्द. कोल्हापुरात बसून इमिग्रेशन शिकवू नका, तांबड्या रश्शावर लिहा.’

पहिला मान्य. १ सप्टेंबर २०२५ पासून ‘इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अ‍ॅक्ट’ लागू झाला आणि १९४६ च्या कायद्यासकट चार जुने कायदे गेले. लेखात दुरुस्ती केली आहे. ‘कायदा बदललाय, जरा बघा’ एवढ्यात हे सांगून झालं असतं. पण मग रस्सा कुठं ओतणार?

तर आता रश्शाकडे येतो. साहेब, सरहद्द म्हणजे काटेरी तार आणि तुमचं काउंटर, एवढंच का? महाद्वार रोडच्या मागं आमचं लॉज आहे, वडिलांनी काढलेलं, दहा खोल्यांचं. परदेशी पाहुणा आला की अंघोळीचं गरम पाणी नंतर, आधी त्याच्या नोंदीचा फॉर्म, ज्याला आम्ही सी फॉर्मच म्हणतो. पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर, आला कुठून, जाणार कुठं. चोवीस तासांत माहिती पोचलीच पाहिजे. कुठं पोचवायची? तुमच्या मुंबईला नव्हे. जिल्ह्याचे एसपी हेच इथले परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी. आता हे ऑनलाइन झालंय. मी अकरावीत होतो तेव्हा ते कागद घेऊन सायकलवरनं कसबा बावड्याच्या रस्त्याला जायचो. एकदा एका फ्रेंच बाईंच्या व्हिसा नंबरातला आठ मी तीन लिहिला. परत घरी, परत तिकडं, आणि वर वडिलांच्या शिव्या. तो नंबर मला आजही पाठ आहे.

तुम्ही शिक्का मारून माणूस आत सोडता. पुढं तो कुठं मुक्कामाला होता, हे असल्याच कागदांवरनं कळतं. ते भरणारी माणसं ‘बसलेली’ नसतात.

आणि ‘ना सरहद्द’ म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला एक चक्कर मारावीच. सायबेरियातून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत राहिले. त्यांच्या मागोमाग फाळणीचे सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं. आज निम्मं कोल्हापूर लग्नाचा बस्ता बांधायला जातं, तेच हे गांधीनगर. माझे आजोबा त्या छावणीत दुधाचा रतीब घालायचे. परका माणूस म्हणजे काय, हे आमच्या घरात तुमच्या नोकरीच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

राहिला ईसीआर. आतेभाऊ दहावी नापास आहे आणि म्हणूनच त्याचा पासपोर्ट ईसीआर, हे मला तुमच्याआधी माहीत आहे. अशा पासपोर्टवर आखातासारख्या ठरावीक अठरा देशांत कामाला जायचं तर १९८३ च्या कायद्यानं आधी परवानगी काढावी लागते. एजंटानं ती न काढता त्याला टुरिस्ट व्हिसावर धाडलं. हे सगळं खरं. म्हणून रांगेतल्या दोनशे माणसांसमोर ‘ए, बाजूला हो’ म्हणायचं? माझा मुद्दा तेवढाच होता. (निदान तेवढाच असायला हवा होता.) त्यावर आणखी वाद नको.

लॉज अजून चालू आहे, थोरला भाऊ बघतो. अंबाबाईच्या दर्शनाला आलात तर उतरा. तुम्हाला सी फॉर्म लागणार नाही, आधार कार्ड चालेल. तांबडा रस्सा मात्र आमच्याकडे मिळत नाही.